धर्मग्रामात प्रापंचिकांची पालकीय सेवा कशी सुरू करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूर शहरातील एका कॅथलिक धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, सल्लागार मंडळावर (पॅरिश कौन्सिलवर) आपली नुकतीच निवड झाली आहे. धर्मगुरू एकटेच आहेत आणि शहराबरोबर आसपासच्या तालुक्यांत विखुरलेली कुटुंबेही त्यांनाच सांभाळावी लागतात. आजारी आणि वृद्ध माणसांकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, ही तक्रार कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीत होते. म्हणून पास्टोरल केअरचे, म्हणजे पालकीय सेवेचे, काम प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य ख्रिस्ती माणसांनी, हाती घ्यावे असे आपल्याला वाटते. ते कसे सुरू करावे, धर्मगुरूंच्या अधिकारावर अतिक्रमण तर होणार नाही ना, माणसे कशी निवडावीत, त्यांना काय शिकवावे आणि नाताळात उद्घाटन करावे का, असे आपण विचारले आहे. मी अठ्ठावीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीच्या आधीपासून, गेली सोळा वर्षे, याच शहरात ही सेवा करते आहे. जे सांगते आहे ते याच अनुभवातून.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळे तिच्यावरच उभे आहे. पहिली भेट कोणीही देतो. पालकीय सेवा दुसऱ्या भेटीपासून सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी पंचावन्न फुटांच्याही वर गेले, तेव्हा धर्मग्रामातील एकूण एक माणूस धावला. भाकरी, चादरी, औषधे, चिखल काढायला माणसे, कशाचीही उणीव पडली नाही. पंधरा दिवसांनी पाणी ओसरले आणि आम्हीही ओसरलो. पुढच्या फेब्रुवारीत एका घरी गेले, तेव्हा त्या घरच्या बाईंनी भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली आणि म्हणाल्या, "सिस्टर, ही रेघ आम्ही अजून पुसली न्हाई. रात्री पाऊस आला की मालक उठून बसत्यात." सहा महिने ते गृहस्थ झोपले नव्हते आणि त्यांच्या दारात चादरी देऊन गेलेल्या आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. मदतीत आम्ही कमी पडलो नव्हतो, पण परत जाऊन विचारण्यात पडलो होतो. म्हणून कौन्सिलमध्ये हा विषय मांडताना किती घरांना भेटी देणार, हा प्रश्न मागे ठेवावा आणि कोणत्या घरी परत परत जाणार, हा पुढे घ्यावा.

आता अतिक्रमणाच्या शंकेविषयी. ही शंका रास्त आहे आणि ती मनात असणे चांगलेच आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कॅनन (कलम) ५२९ प्रमाणे कुटुंबांना भेटी देणे, लोकांच्या चिंता आणि दुःखे वाटून घेणे, आजारी आणि विशेषतः मरणासन्न माणसांना जपणे हे धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य आपण त्यांच्याकडून काढून घेत नाही आणि ते आपल्यावर सोपवून मोकळेही होऊ शकत नाहीत. दुसरीकडे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आपल्या आदेशपत्रात स्पष्ट केले आहे की प्रापंचिकांचा या कार्यातील वाटा बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांतूनच येतो. म्हणजे दुःखी माणसाच्या शेजारी बसण्यासाठी आपण फादरांचे बदली कामगार म्हणून जात नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून ते आपले स्वतःचेच काम आहे. मात्र धर्मग्रामाच्या नावाने आणि त्याच्या पाठबळावर ते करायचे, तर धर्मगुरूंच्या देखरेखीखालीच करावे लागते. संहितेचा कॅनन २२८ योग्य प्रापंचिकांवर जबाबदारी सोपवण्याची वाट मोकळी करतो, आणि कॅनन २३१ सांगतो की ख्रिस्तसभेच्या विशेष सेवेत असलेल्यांनी त्यासाठी लागणारे शिक्षण घेतलेच पाहिजे. शिक्षणाची ही अट माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण चांगल्या मनाने केलेली हानी मी पुष्कळ पाहिली आहे.

जे आपल्या हातात नाही ते सुरुवातीलाच सर्वांना सांगून टाकावे. पापनिवेदन ऐकणे आणि रुग्णाभ्यंग, म्हणजे आजारी माणसाला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, देणे हे केवळ धर्मगुरूच करू शकतात. कॅनन ९६५ आणि १००३ याबाबत कोणताही आडपडदा ठेवत नाहीत. १९९७ साली रोममधून निघालेल्या एका सूचनापत्रात प्रापंचिकांनी पास्टर, चॅपलेन यांसारखी नावे स्वतःला लावू नयेत असे बजावले आहे. आमच्याकडे या सेवेतील माणसांना आम्ही 'सोबती' म्हणतो. हे नाव एका आजोबांनी दिले. त्यांच्याकडे येणाऱ्या आमच्या सदस्याला ते "आलं का माझं सोबती" असे म्हणत, आणि तेच रूढ झाले.

पॅरिश कौन्सिलला मत सल्ल्यापुरतेच असते, हेही आपण नव्याने निवडून आलेले सदस्य म्हणून लक्षात ठेवावे. त्यामुळे ठराव मंजूर करून घेण्याच्या आधी फादरांकडे अर्धा तास मागावा आणि त्यांना एकच विचारावे : कोणत्या घरी आपल्याला जायला हवे होते पण जाणे झाले नाही, असे आपल्याला वाटते? मी हा प्रश्न विचारला तेव्हा आमचे तेव्हाचे फादर बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी एकापाठोपाठ एक अकरा नावे सांगितली. तीच आमची पहिली यादी ठरली. त्यानंतर अतिक्रमणाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

माणसे निवडताना आम्ही केलेली चूक आपण करू नये. आम्ही ११ फेब्रुवारीचा, म्हणजे जागतिक रुग्णदिनाचा, मुहूर्त धरला. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, आवाहन केले, बावीस जणांनी नावे दिली, सर्वांना वेदीसमोर उभे करून बिल्ले लावले, टाळ्या झाल्या. पावसाळा सुरू होईपर्यंत पाच जण उरले. जे गेले त्यांच्यात कोणी वाईट नव्हते. त्यांना आम्ही काय करायचे ते सांगितलेच नव्हते, आणि बिल्ला लावलेल्या माणसाला 'मला हे जमत नाही' असे म्हणणे फार अवघड जाते. म्हणून जाहीर आवाहन करू नका. सहा ते आठ माणसे पुरेत, आणि ती फादरांनी व आपण मिळून एकेकाला भेटून विचारावीत. कोणाला? जी माणसे आधीच कोणाकडे तरी न सांगता जात असतात, त्यांना. प्रत्येक धर्मग्रामात अशी दोन-चार माणसे असतात. ती व्यासपीठावर कधी दिसत नाहीत. जो माणूस बोलताना समोरच्याचे वाक्य तोडतो, ज्याच्याकडे प्रत्येक आजारावर एक औषध आणि प्रत्येक दुःखावर एक वचन तयार असते, ज्याला घराघरांतील बातम्या सर्वांआधी कळतात, त्याला दुसरे काम द्यावे. स्वतःच्या घरात नुकतेच मरण झालेल्या माणसाला किमान एक वर्ष थांबायला सांगावे. त्याची तळमळ खरी असते, पण तो दुसऱ्याच्या घरी आपलेच अश्रू पुसायला जातो आणि तिथल्या माणसाला उलट त्याची समजूत काढावी लागते.

निवडलेल्यांत पुरुष आणि स्त्रिया दोन्ही असावेत, वय मिसळलेले असावे आणि भाषा तर नक्कीच मिसळलेल्या असाव्यात. कोल्हापूरच्या धर्मग्रामात मराठी घरे आहेत, गोव्याकडून आणि मंगळूरकडून आलेली कोंकणी घरे आहेत, रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या केरळच्या मुली आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेली तमिळ कुटुंबे आहेत. रोजच्या व्यवहारात सगळे मराठी बोलतात, पण दुखण्यात माणूस आपल्या आईच्या भाषेकडे परततो. नागाळा पार्कजवळच्या एका घरी एक आजी आठवडाभर कोणाशी बोलल्या नव्हत्या. मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत होते आणि त्या भिंतीकडे पाहत होत्या. बरोबरच्या सोबतीणबाई मूळच्या म्हापशाच्या. त्यांनी हळूच 'आमच्या बापा, सर्गिंच्या' सुरू केले आणि आजींचे ओठ हलू लागले. शेवटच्या 'आमेन'पर्यंत त्या एकही शब्द चुकल्या नाहीत. त्या दिवशी मी घरी जाऊन कोंकणीतील ती प्रार्थना पाठ केली.

शिक्षणासाठी आठ संध्याकाळी, प्रत्येकी दोन तास, एवढा वेळ ठेवावा आणि तो पूर्ण होईपर्यंत कोणालाही एकट्याने कोठेही पाठवू नये. पवित्र शास्त्र, संस्कारांचे शिक्षण, शोकाचे स्वरूप, रुग्णालयातील वागणूक, गुप्तता या विषयांवर फादर, एखादी समुपदेशक सिस्टर, एखादा डॉक्टर बोलू शकतील. पण खरा कस ऐकण्याच्या सरावात लागतो आणि तो व्याख्यानाने होत नाही. अमेरिकेत अँटन बॉयसन नावाच्या पाळकाने, जो स्वतः मनोरुग्ण म्हणून उपचार घेऊन आला होता, १९२५ साली वुस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून शिकवायला सुरुवात केली. रुग्ण हाच जिवंत ग्रंथ आहे, तो वाचायला शिका, असे त्याचे म्हणणे होते. त्या परंपरेत पुढे एक पद्धत रुजली : भेटीहून परतल्यावर झालेले बोलणे आठवेल तसे, नाटकातील संवादासारखे, वाक्यशः लिहून काढायचे आणि नाव-गाव वगळून गटात वाचायचे. ही पद्धत आम्ही सरसकट उचलली आणि तिच्याइतके दुसऱ्या कशानेही आम्हाला शिकवले नाही.

एक नमुना देते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका निवृत्त फाउंड्री कामगाराकडे आमचे एक सोबती गेले होते. त्यांनी लिहून आणलेल्या संवादात रुग्ण म्हणतो, "आता काय ऱ्हायलंय माझं?" आणि सोबती म्हणतो, "असं बोलायचं नाही. देव सगळं बरं करील." पुढच्या ओळीत रुग्ण म्हणतो, "चहा घ्या." गटात ते वाचले गेल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका तरुण मुलीने विचारले, "चहा मध्येच कुठून आला?" तेव्हा त्या सोबत्यालाच उमगले की रुग्णाने एक दार उघडले होते आणि आपण ते लावून घेतले, बिचाऱ्याने मग पाहुणचार केला. 'देव बरं करील' या वाक्याने भीती शमली ती सोबत्याची. आम्ही तोच प्रसंग खुर्च्या मांडून पुन्हा केला. या वेळी सोबती केवळ एवढेच म्हणाला, "काहीच राहिलं नाही असं वाटतं?" आणि गप्प बसला. रुग्णाच्या जागी बसलेल्या माणसाला, तो सराव आहे हे माहीत असूनही, भरून आले. पुढच्या आठवड्यात तो सोबती खरोखरच त्या घरी परत गेला आणि म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही काहीतरी सांगत होता, मी नीट ऐकलं नाही." दुसरी भेट म्हणजे काय, ते मला याहून चांगले सांगता येणार नाही.

इयोबाच्या ग्रंथात त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, असे म्हटले आहे. पुढे ते बोलू लागले आणि सारे बिघडले. प्रशिक्षणाच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही तेवढाच भाग वाचतो.

भेटीला जोडीनेच जावे. प्रभूने बारा प्रेषितांना दोघा-दोघांनी पाठवले. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आणि १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झालेली लीजन ऑफ मेरी, प्रापंचिकांच्या या दोन्ही संघटनांमध्ये हीच रीत आहे. तिच्यामागे शहाणपण आहे. एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरी एकटा पुरुष गेला तर शेजारपाजारच्या बोलण्याचा त्रास त्या बाईला होतो; आणि लहान मुलांबरोबर तर एकट्याने थांबायचेच नाही, हा नियम कोणासाठीही सैल करू नये. भेट अर्ध्या तासाची पुरे, रुग्णालयात दहा मिनिटांची. आधी फोन करून विचारावे आणि नको म्हटले तर मनापासून 'बरं' म्हणावे. ज्या घराने नकार दिला त्या घरी नाताळचे आणि पुनरुत्थान सणाचे शुभेच्छापत्र तेवढे जावे. दोन-तीन वर्षांनी दार आपोआप उघडल्याचे मी पाहिले आहे.

रुग्णालयाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या भिंतींच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि खासगी रुग्णालयांत सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडूनही रुग्ण येतात. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूरसह हे तिन्ही जिल्हे असल्यामुळे, सावंतवाडीकडच्या एखाद्या खेड्यातून आलेला आणि इथे कोणालाही न ओळखणारा कॅथलिक रुग्ण एका अर्थाने आपल्याच घरचा असतो. तिकडच्या धर्मगुरूंनी इकडे एक फोन केला तर सोबती जाऊ शकतो, एवढी व्यवस्था फादरांमार्फत लावून घ्यावी. वॉर्डात गेल्यावर आधी ड्युटीवरच्या सिस्टरना सांगावे, मगच खाटेपाशी जावे. खाटेवर बसू नये, स्टूल ओढून घ्यावे. उभ्या माणसाशी पडलेल्या माणसाला बोलता येत नाही. सलाइन, नळ्या, रिपोर्ट यांवर मत देऊ नये. मी परिचारिका असूनही देत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला आपला आवाज जाणार नाही एवढ्या हळू प्रार्थना करावी. पुष्कळदा त्याचे नातेवाईकच म्हणतात, "ताई, आमच्यासाठीबी म्हणा की." त्यांनी मागितले तर त्यांच्यासाठी आपण दोन शब्द अवश्य म्हणावेत, पण पत्रक देऊ नये, बरे होण्याचे आश्वासन देऊ नये, नाव-पत्ता विचारू नये. आजारी माणूस दुबळा असतो, आणि त्याच्या दुबळेपणाचा कोणत्याही हेतूने, कितीही चांगल्या, उपयोग करून घेणे हे आपल्या प्रभूला शोभणारे नाही.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातील पवित्र भाकर, आजाऱ्याकडे घेऊन जाणे ही वेगळी सेवा आहे. प्रत्येक सोबत्याने ती करावी असे नाही. १९७३ पासून ख्रिस्तसभेने गरजेनुसार प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसादाचे असाधारण सेवक म्हणून नेमण्याची मोकळीक दिली आहे, पण ती नेमणूक अधिकृतपणे आणि मुदतीसाठी होते. फादरांशी बोलून धर्मप्रांताची रीत पाळावी. पिक्समध्ये, म्हणजे त्यासाठीच्या छोट्या डबीत, ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर चर्चमधून थेट त्या घरी जायचे, वाटेत भाजी घ्यायची नाही की कोणाशी गप्पा मारत थांबायचे नाही. घरच्यांना आधी सांगून पांढरे वस्त्र, क्रूस आणि मेणबत्ती तयार ठेवायला सांगावे. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती लावू नये, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. एक तासाच्या उपवासाची अट वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगी कॅथलिक असेल आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला तयार असेल, तर तिलाही द्यावा. कित्येक महिने तिलाही मिस्साला जाता आलेले नसते. गिळता येत नसेल तर अगदी लहान तुकडा आणि मागोमाग चमचाभर पाणी द्यावे. तोंडाने काहीही द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर दोघांनी मिळून प्रार्थना करावी आणि फादरांना कळवावे.

रुग्णाभ्यंगाबद्दल अजूनही आपल्या घरांत मोठी भीती आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता सरले, असे लोकांना वाटते आणि श्वास लागेपर्यंत फोन करत नाहीत. १९६३ सालीच व्हॅटिकन परिषदेने सांगितले की या संस्काराला 'अंत्याभ्यंग' म्हणण्यापेक्षा 'रुग्णाभ्यंग' म्हणणे अधिक योग्य, आणि आजाराने किंवा वार्धक्याने धोका निर्माण होऊ लागताच तो घेण्याची वेळ येते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. सोबत्याने ही गोष्ट पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, कोणी गंभीर नसताना, सहज बोलता बोलता सांगावी. वेळेवर फादरांना कळवणे हे सोबत्याच्या हातून होणाऱ्या कामांतील सर्वांत मोठे काम असू शकते.

गुप्ततेबाबत मी कठोर आहे आणि त्याला कारण आहे. सेवेच्या दुसऱ्या वर्षी आमच्यातील एका बाईंनी मिस्सातील सार्वजनिक प्रार्थनेत, अगदी कळवळ्याने, एका माणसाचे नाव घेऊन त्याच्या आजारासाठी प्रार्थना मागितली. तो आजार त्याने स्वतःच्या भावालाही सांगितला नव्हता. त्यानंतर तो माणूस चर्चमध्ये आला नाही, आणि आम्ही चार वेळा क्षमा मागायला गेलो तरी दार उघडले नाही. तो घाव माझ्या मनात अजून ओला आहे, कारण गटाची जबाबदारी माझ्यावर होती आणि 'प्रार्थनेसाठीही नाव सांगायचे नाही' हे मी स्पष्टपणे शिकवले नव्हते. आता आम्ही लेखी वचन घेतो : परवानगीशिवाय कोणाचेही नाव किंवा दुखणे घरात, सेलमध्ये (शेजारच्या कुटुंबांच्या छोट्या प्रार्थनागटात), व्हॉट्सॲपवर वा प्रार्थनेत निघणार नाही.

तरीही गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत प्रेमाने सांगाव्यात. सोबत्याजवळ बोललेले म्हणजे पापनिवेदन नव्हे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. 'आधी फादरांना विचारतो', 'घरची अब्रू जाईल' असे म्हणून थांबता येत नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. कोणी जीव द्यायचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातील विश्वासाच्या माणसाला सांगावे, डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सोबत्याच्या फोनमध्ये असावा. आपण समुपदेशक नाही, डॉक्टर नाही. कोणाकडे पाठवायचे ते ठाऊक असणे एवढी आपली विद्या.

पैशाचा व्यवहार सोबत्याने करू नये. आमच्या एका सोबत्याने दयेपोटी औषधासाठी हातउसने दिले आणि त्यानंतर तो आला की त्या घरात ताण येऊ लागला. मित्र भेटायला यावा तिथे सावकार आल्यासारखे झाले. गरज दिसली तर फादरांना किंवा व्हिन्सेंट द पॉलच्या मंडळींना कळवावे, मदत त्यांच्या हातून जावी.

महिन्यातून एकदा सर्व सोबत्यांनी दीड तास एकत्र बसावे. ही बैठक चुकवू नये. भेटी कमी झाल्या तरी चालतील, बैठक नाही चुकली पाहिजे. तिथे अहवाल वाचायचे नाहीत. एक-दोन संवाद वाचावेत, कोणाला काय जड गेले ते बोलावे, मग प्रार्थना करावी. चार-पाच मरणे जवळून पाहिल्यावर सोबती घरी जाऊन मुलांवर विनाकारण चिडतो. ते त्याला स्वतःला कळत नाही, गटाला कळते. ही बैठक चालवणारी व्यक्ती ऐकण्याच्या कामात मुरलेली असावी. फादरांनी तीन महिन्यांतून एकदा तरी यावे, पण दर वेळी येण्याचा आग्रह धरू नये, कारण त्यांच्यासमोर माणसे आपल्या चुका सांगत नाहीत. नेमणूक एक वर्षाची असावी आणि वर्षअखेर प्रत्येकाला 'पुढे चालू ठेवणार का' असे विचारावे, म्हणजे ज्याला थांबायचे आहे त्याला ताठ मानेने थांबता येईल.

शोकाकुल घरांसाठी एक स्वतंत्र वही करावी. आपल्याकडे मरणाच्या दिवशी घर माणसांनी भरते, महिन्याच्या मिस्सालाही बरेच जण येतात, त्यानंतर शांतता पसरते. वहीत मृत्यूच्या तारखेपुढे तीन महिने, सहा महिने, पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाची मिस्सा या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक तारखेपुढे कोण जाणार ते नाव. कसबा बावड्यातील एका विधुर गृहस्थांकडे आम्ही सहाव्या महिन्यात गेलो, तेव्हा ते मेथी निवडत बसले होते. पहिल्यांदा आम्ही गप्पच बसलो आणि मीही एक जुडी ओढून घेतली. अर्धी जुडी झाल्यावर ते म्हणाले, "ती असताना मला मेथी निवडता येत नव्हती. ती म्हणायची, देठं टाकताय की पानं?" आणि ते हसले, आणि मग रडले. बायकोविषयी सहा महिन्यांत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तिचे नाव काढले तर त्यांना त्रास होईल, असे सगळ्यांना वाटत होते.

शेवटी उद्घाटनाचे. नाताळात मुळीच सुरू करू नका. डिसेंबरमध्ये कॅरल गाणारी मुले, युवक, सेलचे पदाधिकारी सगळेच घराघरांत जात असतात आणि आपली भेट त्यांच्यात विरून जाईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात माणसे विचारून घ्यावीत, पुनरुत्थान सणानंतर आठ संध्याकाळचे शिक्षण करावे, आणि पावसाळ्यात, जेव्हा म्हातारी माणसे घराबाहेर पडू शकत नाहीत आणि त्यांच्याकडेही कोणी येत नाही, तेव्हा भेटींना सुरुवात करावी. फादरांनी एखाद्या रविवारच्या मिस्सात सोबत्यांना आशीर्वाद द्यावा, नावे सांगावीत, एवढे पुरे. बिल्ले आणि हार नकोत. पहिल्या महिन्यात प्रत्येक जोडीला दोनच घरे द्या. आणि पहिल्या भेटीहून परतलेल्या जोडीला 'कशी झाली भेट?' असे विचारण्याआधी तिच्याकडून दुसऱ्या भेटीची तारीख वहीत लिहून घ्या.